गंज-लूकच्या गाडीवर दर पावसाळ्यात येणारे फोड: मूळ कुठं असतं आणि उपाय काय

गणपती झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये एक ठरावीक तक्रार यायला लागते. गाडी नवीच असते, छोटी हॅचबॅक. मालकानं हौसेनं तिला जुनाट, गंजल्यासारखा रंग करून घेतलेला असतो. उन्हाळ्यात ती देखणी दिसत होती, सिग्नलला लोक थांबून बघत होते. आता बॉनेटवर मुगाएवढे फोड आलेत, दाराच्या खालच्या कडेला पोपडे सुटलेत आणि छपराच्या पन्हाळीजवळ क्लिअरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक कोटाचा, पापुद्रा नखानं उचलतोय. मागच्या वर्षीही असंच झालं होतं. तेव्हा फोड घासून वरून पुन्हा क्लिअर मारून घेतला होता. यंदा पुन्हा त्याच जागी.

अशा गाडीच्या मालकाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "क्लिअर हलका होता हो, भारीतला मारून घ्या." मग तो भारीतला क्लिअर मारून घेतो आणि पुढच्या मृगानंतर परत तेच. माझं म्हणणं उलट आहे आणि ते ठामपणे सांगतो. गंज-लूकमध्ये क्लिअर बिघडतो तो बहुधा खालच्या थरामुळं. खालचा गंज अजून जिवंत, म्हणजे वाढत असतो, किंवा त्यात मीठ अडकलेलं असतं, किंवा तो थर नुसती भुकटी असतो. त्यावर जगातला सगळ्यात महाग क्लिअर मारला तरी तो टिकणार नाही. म्हणून पुन्हा स्प्रे गन हातात घेण्याआधी खाली नेमकं काय झालंय ते ओळखायला हवं.

फोड उघडून बघा

हे काम पावसाळ्यातच करून घ्या. उन्हं तापली की पुरावा वाळून जातो. नवं ब्लेड घ्या, फोडाच्या कडेनं अर्धगोल काप द्या आणि वरची टोपी हळूच उलटवा. आता दोन्हीकडं बघायचं: टोपीच्या आतल्या बाजूला काय चिकटून आलंय, आणि खाली काय उरलंय.

आत पाण्याचा थेंब असेल, त्याला चहासारखा तांबूस रंग असेल, तर तो थेंब काचेच्या तुकड्यावर घेऊन उन्हात वाळवा. वाळल्यावर कडेला पांढरट-पिवळट कडं उरलं की समजायचं, खाली मीठ आहे. असे फोड झडीच्या दिवसांत फुगतात आणि ऊन पडलं की बसतात. मालक सांगतो, "आपोआप बरे झाले." बरे झालेले नसतात, त्यातलं पाणी तेवढं उडालेलं असतं.

आत पाणी नाही, पण टोपीलाही तपकिरी भुकटी आणि खालीही तपकिरी भुकटी, असं दिसलं तर गंजाचा थर मधूनच फाटलाय. म्हणजे त्या थरात चिकटवणारं माध्यम कमी पडलंय. टोपी आतून स्वच्छ आणि खालचा भागही गुळगुळीत असेल, तर दोन कोटांमध्ये पकडच बसलेली नाही: मध्ये तेल राहिलंय, मेण राहिलंय, नाहीतर आधीचा कोट पूर्ण कडक झाल्यावर घासायचा पेपर न मारताच पुढचा कोट चढवलाय. खाली चकचकीत पत्रा किंवा पांढरी पूड दिसली तर प्रकरण गंभीर आहे, त्याचं पुढं सांगतो. आणि फोड नाहीतच, नुसती टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत, तर ती मारतानाची चूक आहे, नंतरची नाही.

एका गाडीवर दोन-तीन प्रकार एकत्र सापडतात. बॉनेटवर मिठाचे, दाराखाली पत्र्याचे. प्रत्येक पॅनलवरचा निदान एक फोड उघडा, एकावरून सगळ्या गाडीचं ठरवू नका.

मीठ, म्हणजे निम्म्याहून जास्त भांडण

खरा गंज धरवण्याची रीत आता सगळ्यांना माहीत झाली आहे. लोखंडाची बारीक पूड रंगाच्या माध्यमात मिसळून मारायची, वाळली की वरून हायड्रोजन पेरॉक्साईड, व्हिनेगर आणि मीठ यांचं पाणी फवारायचं. बघता बघता नारिंगी गंज चढतो. डोळ्यांना फार सुख होतं, हे मान्य. पण तो रंग चढवणारं मीठच पुढं घात करतं.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढं मिळालं की गंज धरतो. मीठ त्यात फक्त वेग वाढवतं. पण मिठातला क्लोराईड गंजताना खर्ची पडत नाही. काम करून तो तिथंच बसून राहतो आणि पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतो. क्लिअर कोट पाण्याला अडवतो असं आपण धरून चालतो. पाण्याचा थेंब तो अडवतो, वाफ मात्र थोडी थोडी आत झिरपू देतो. प्रत्येक क्लिअर हे करतो, महागातलाही. आत गेलेल्या ओलीत मीठ विरघळतं, तिथं दाट खारं पाणी तयार होतं, आणि ते पाणी बाहेरची आणखी ओल आत ओढून घेतं. दाब वाढतो आणि क्लिअर उचलला जातो. हाच तो फोड.

आपल्या भागात हा प्रकार इतका का दिसतो, तेही यातूनच कळतं. जांबोटी, कणकुंबीकडची झड आठवडे चालते आणि चोर्ल्याच्या घाटात तर गाडी दिवसभर ढगातच असते. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांची गाडी त्याच रस्त्यानं गोव्याला जाऊन येते आणि समुद्राकाठची खारी हवा खाऊन परतते. तेच काम, त्याच हातानं केलेलं, अथणीकडं कोरड्या हवेत फिरणाऱ्या गाडीवर बराच काळ शाबूत राहतं. म्हणून अथणीच्या मित्राची गाडी बघून खानापुरात तीच कृती करू नका.

आता उपाय. मिठाचा फोड जागच्या जागी दुरुस्त होत नाही. तो घासला, लांबी (पुट्टी) भरली, क्लिअर मारला, तरी शेजारचं मीठ तसंच असतं. ते पॅनल पूर्ण उतरवावं लागतं, जिथं खालचा प्रायमर घट्ट आणि स्वच्छ आहे तिथंपर्यंत. त्यानंतर गंजाचा थर नव्यानं द्यायचाच असेल तर मीठ वापरू नका. बारीक लोखंडी पूड असेल तर पेरॉक्साईड आणि थोडं व्हिनेगर पुरतं. गंज जरा सावकाश धरतो, इतकंच. मिश्रण लागेल तेवढंच बनवा आणि उरलेलं बाटलीत बूच लावून ठेवू नका. पेरॉक्साईडमधून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय फवारा मारू नका.

हवा तसा रंग चढला की तो थांबवायचा. इथं बरेचजण खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवतात आणि काम झालं म्हणतात. सोडा आम्ल मारतो हे खरं, पण तोही एक क्षारच आहे. तो आत राहिला तर त्याच्याभोवतीही पाणी जमणारच. त्यामुळं सोड्यानंतर भरपूर धुणं आलंच, आणि त्यात बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला चालत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, तोच थर गाडीवर चढेल. पहिली धुणी साध्या पाण्यानं करा, शेवटची बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं.

धुणं पुरेसं झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पाण्याचे फिल्टर बसवणारे वापरतात ते टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन घ्या. पॅनलवरून ओघळलेलं डिस्टिल्ड वॉटर खाली वाटीत धरा आणि त्यात पेन बुडवा. ताज्या डिस्टिल्ड वॉटरचा आकडा आधी बघून ठेवलेला असला की फरक लगेच दिसतो. वाटीतला आकडा ताज्याच्या जवळपास येईपर्यंत धुत राहायचं. मोठ्या पुलांच्या आणि जहाजांच्या रंगकामात पत्र्यावरचं मीठ मोजायला खास पट्ट्या येतात. आपलं पेन त्यांच्याइतकं नेमकं नाही, पण अंदाजानं "झालं बहुतेक" म्हणण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

धुतल्यावर वाळवणं. गंजाचा थर सच्छिद्र असतो, वरून कोरडा दिसला तरी पोटात ओल धरतो. हीट गन लांबून फिरवा किंवा हॅलोजनचा दिवा लावा, आणि मग पॅनलवर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. दव नसेल तरच सील करायला घ्या.

जाता जाता एक. बाजारात गंज मारणारी कन्व्हर्टर द्रावणं मिळतात. ती चांगली आहेत, पण या कामासाठी नाहीत. टॅनिक आम्लाच्या द्रावणानं तुमचा नारिंगी गंज काळाठिक्कर पडेल.

लोखंडाची पूड कुठून आणली?

बेळगाव हे फाउंड्रीचं गाव. उद्यमबागेत लेथखाली बीडाचा (ओतीव लोखंडाचा) भुसा ढिगानं पडलेला असतो आणि तो चहाच्या पैशात मिळतो. मग विकतची पूड कशाला, हा विचार साहजिक आहे. हा भुसा चालतो, फक्त त्याच्यात दोन गोष्टी असतात त्या समजून घ्या.

पहिली म्हणजे तेल. बीड बऱ्याचदा कोरडंच कापतात, पण मशीनखालचा भुसा गोळा करताना त्यात शेजारच्या पोलादाचा कीस, कूलंट, ग्रीस सगळं येतं. तेलकट भुसा रंगात घातला की वरच्या कोटात गोल गोल खड्डे पडतात, रंग तिथून मागं सरतो. गन मारतानाच हे दिसतं. नाही दिसलं तर पावसाळ्यात ती टोपी गुळगुळीत निघते. भुसा आधी थिनरमध्ये, मग गरम पाण्यात आणि भांड्याच्या साबणात धुवा, पाण्यावर तेलाचा तवंग यायचा थांबेपर्यंत. धुतला की लगेच पसरून वाळवा. ओला भुसा डब्यात भरून झाकण लावू नका. गंजताना लोखंड तापतं, आणि थिनरच्या वाफांशेजारी तापलेला डबा नको.

दुसरी गोष्ट ग्रॅफाईट. बीडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो आणि तो बराचसा ग्रॅफाईटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळं गंजाचा रंग काळपट, राखाडीकडं झुकतो. मला तो आवडतो, जुन्या ओतीव नळासारखा खोल दिसतो. पण गिऱ्हाईकाला फोटोतला भडक नारिंगी हवा असेल तर बीड देऊन तो येणार नाही, हे आधीच बोलून घ्या. भुसा कापडातून चाळा. जाड कण राहिले तर त्यांची टोकं क्लिअरच्या वर येतात आणि प्रत्येक टोक हे पाण्याला आत यायचं दार होतं.

भुकटीचा थर

हा प्रकार पिगमेंट, म्हणजे कोरडी रंगपूड, वापरणाऱ्यांचा. फरशीच्या सिमेंटात घालतात तो लाल, पिवळा, तपकिरी ऑक्साईड रंग हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. हा रंग फार उत्तम. लोह-ऑक्साईडच तो, म्हणजे आधीच गंजून झालेला. उन्हानं उडत नाही, पावसानं बदलत नाही. पण काहीजण ओल्या बेसवर (खालच्या रंगाच्या कोटावर) तो कोरडाच ब्रशनं टेकवतात, थरावर थर. दिसतं फार खरं, पोत सुरेख येतो. मात्र त्या भुकटीला आतून धरणारं काहीच नसतं. वरचा क्लिअर थोडा आत मुरतो, वरचा पातळ भाग घट्ट होतो, तळ मोकळाच राहतो. मग प्रेशर वॉशरची धार एकदा कडेला लागली की चादर निघते.

तपासायचं कसं? थर वाळला की क्लिअरच्या आधी मास्किंग टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपवर हलकी तांबूस झाक आली तर चालेल. टेप लाल भडक होऊन आला तर थर कच्चा आहे. अशा वेळी सगळं काढायची गरज नाही. पारदर्शक बाइंडर (चिकटवणारं माध्यम) थिनरनं चांगला पातळ करून अगदी हलका कोट मारा, तो मुरू द्या, वाळला की पुन्हा टेप लावा. पातळ कोट खोल जातो, जाड कोट वरच बसतो, म्हणून घाई करून एकदाच ओला कोट मारू नका. पुढच्या वेळी पिगमेंट आधी बाइंडरमध्येच कालवून स्पंजनं लावा, आणि कोरडी भुकटी फक्त शेवटच्या झाकेपुरती ठेवा.

हवेतली ओल आणि कंप्रेसरमधलं पाणी

टाचणीच्या भोकांचं कारण बहुतेक वेळा इथं असतं. 2के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या क्लिअरचा हार्डनर (कडक करणारा भाग) आयसोसायनेट या रसायनाचा असतो. तो क्लिअरशी जुळतो तसा पाण्याशीही जुळतो. पाणी मिळालं की त्यातून कार्बन डायऑक्साईड सुटतो, बुडबुडा होतो, भोक पडतं. ओल येते तीन वाटांनी: हवेतून, थंड पत्र्यावर बसलेल्या दवातून आणि कंप्रेसरच्या टाकीतून. टाकीचा खालचा कॉक रोज सकाळी उघडून पाणी काढलं नाही तर गनमधून रंगाबरोबर पाणीच येतं. लाइनला पाणी अडवणारा फिल्टर लावलेला असला तरी तो भरला की नसल्यासारखाच.

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त असावं आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर जाऊ नये, हा रंगकामाचा जुना नियम आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तो पाळणं उघड्या शेडमध्ये अवघडच. बेळगावची संध्याकाळ तर उन्हाळ्यातही एकदम गार होते, आणि दुपारी तापलेला पत्रा पाचनंतर झरझर उतरतो. म्हणून हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घ्या, वळीव सुरू व्हायच्या आत, आणि क्लिअरचे कोट सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान आटपा. दिवाळीच्या पुढं-मागंही चालतं, फक्त सकाळचं धुकं उतरू द्या.

आयसोसायनेटचं आणखी एक सांगायलाच हवं. याच्या फवाऱ्यानं दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढं थोडासा वास आला तरी छाती भरते. तोंडाला रुमाल बांधून मारणारी पोरं बघतो तेव्हा जीव तुटतो. वाफा शोषणाऱ्या डब्यांचा मास्क घ्या, डबे वेळेवर बदला. शेड बंद असेल तर बाहेरची हवा देणारा मास्कच लागतो.

खालून आलेला खरा गंज

आता ती चकचकीत पत्र्याची आणि पांढऱ्या पुडीची गोष्ट. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या बाहेरच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. त्यावर कारखान्यात अख्खी बॉडी बुडवून विजेच्या साह्यानं बसवलेला ईडी कोट, मग प्रायमर, बेस आणि क्लिअर. हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. एवढ्याशा जाडीत गाडीचं आयुष्य सांभाळलेलं असतं. गंज-लूकसाठी "पकड बसावी" म्हणून काहीजण ग्राइंडरनं थेट पत्रा उघडा करतात. तिथंच घोटाळा होतो. जस्त गेलं, ईडी गेला, आणि वरून व्हिनेगर फवारलं तर उरलंसुरलं जस्तही विरघळलं. फोडाखाली पांढरी पूड दिसते ती गंजलेल्या जस्ताची. तिच्यानंतर पाळी पत्र्याची.

खोटा गंज दाखवायला खरा पत्रा उघडा करायची अजिबात गरज नाही. कंपनीचा क्लिअर 400 नंबरच्या पाणी पेपरनं निस्तेज करायचा, त्यावर 2के एपॉक्सी प्रायमर द्यायचा, बस. सगळा देखावा या प्रायमरच्या वर उभा करायचा. लोखंडी पूड वापरणार असाल तर एपॉक्सी दोन कोट हवाच, कारण जिवंत गंज आणि गाडीचा पत्रा यांची गाठ कधीच पडता कामा नये. एपॉक्सीवर पुढचा कोट किती तासांच्या आत द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. ती वेळ उलटली तर पुन्हा पेपर मारून मगच पुढं.

पत्रा आधीच उघडा झाला असेल तर तेवढा भाग चांगल्या रंगापर्यंत घासा, पांढरी पूड एक कणही ठेवू नका, पुसा, वाळवा आणि त्याच दिवशी एपॉक्सी मारा. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी वेगळाच पत्रा असतो.

दाराच्या खालच्या कडेचे पोपडे मात्र निराळ्याच कारणानं येतात. दाराच्या तळाला काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर जायला छोट्या फटी असतात. रंगकामात त्या लांबीनं, जाड क्लिअरनं बुजतात. पाणी दारातच साचतं आणि कड आतून कुजते. दार उघडून खाली बोट फिरवा, फटी मोकळ्या आहेत का बघा. खानापूरच्या तांबड्या चिखलानंही त्या भरतात, तेव्हा पावसाळ्यात अधूनमधून प्लॅस्टिकच्या काडीनं मोकळ्या करायच्या. तारेनं कोरू नका, कड खरवडते.

रोजच्या गाडीसाठी मी कोणती रीत सांगतो

रोज वापरायच्या, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी लोखंडी पुडीची शिफारस करत नाही. पिगमेंटनं काम करा. नीट केलं तर दोन हातांवरून खरं-खोटं कळत नाही, आणि त्यात जिवंत काहीच नसल्यामुळं पावसाळ्यात जागं होणारंही काही नसतं. जिवंत गंज हवाच असेल तर तो आरशाची टोपी, पेट्रोलचं झाकण असल्या सुट्या, छोट्या भागांवर घ्या. ते काढून धुता येतात, नीट वाळवता येतात, बिघडले तर बदलता येतात.

पिगमेंटचा गंज खोटा दिसतो तो बहुतेक वेळा रंगामुळं नव्हे, जागेमुळं. ऊस हंगामात संकेश्वरच्या कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्यांच्या मागं दहा मिनिटं गाडी ठेवा आणि नीट बघा. गंज सगळीकडं सारखा नसतोच. तो वेल्डिंगच्या कोपऱ्यातून सुरू होतो, बोल्टच्या खालून ओघळतो, साखळी घासते तिथं उजळ असतो आणि पाणी साठतं तिथं काळपट. जुना गंज मध्यभागी गडद तपकिरी, त्याच्याभोवती तांबडा, आणि बाहेरच्या कडेला, जिथं तो अजून पसरतोय, तिथं नारिंगी-पिवळा. याच क्रमानं रंग द्या: आधी गडद, मग तांबडा स्पंजनं, शेवटी नारिंगी अगदी थोडा. ओघळ पाण्याच्या वाटेनंच सोडा. दारावर आडवा ओघळ काढला की सगळी मेहनत पाण्यात.

सोललेल्या रंगाचा आभास आणायला बेसवर पाणी शिंपडून जाडं मीठ भुरभुरवतात, वरून दुसरा रंग मारतात आणि वाळल्यावर मीठ पुसून काढतात. परिणाम छान येतो, पण वरचं सगळं मीठपुराण पुन्हा लागू. मीठच वापरायचं तर डिस्टिल्ड वॉटरनं धुणं आणि टीडीएसचं पेन आलंच. मी स्वतः त्याऐवजी पातळ केलेलं मास्किंगचं रबर (रंग खाली बसू न देणारं, नंतर सोलून निघणारं) स्पंजनं ठिपक्याठिपक्यांनी लावतो आणि नंतर बोटानं चोळून काढतो. मिठाचा प्रश्नच मिटतो.

बंपर प्लॅस्टिकचा असतो, हे डिझाइन ठरवतानाच लक्षात घ्या. प्लॅस्टिक गंजत नाही, म्हणून बंपरवर गंज दाखवला की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, का ते त्याला सांगता आलं नाही तरी. बंपर उन्हानं विटलेल्या रंगाचा ठेवा, थोडा खरवडलेला, मग शेजारचा फेंडर आपोआप खरा वाटतो. प्लॅस्टिकला आधी त्याचा खास प्रायमर लागतो, नाहीतर तिथलेही पोपडे ठरलेलेच.

शेवटचा थर मॅटच हवा, चकचकीत गंज कुठं असतो? पण फक्त मॅटवर अवलंबून राहू नका. मॅट क्लिअर जाड मारला की ढगाळ पट्टे दिसतात, आणि पातळ मारला तर संरक्षण कमी पडतं. म्हणून आधी साध्या 2के क्लिअरचे दोन कोट द्या, पूर्ण कडक होऊ द्या, 800 नंबरच्या पाणी पेपरनं हलकं घासा आणि मग मॅटचा एकच सारखा कोट मारा. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, 2:1 तर 2:1, मोजमापाच्या भांड्यानं. "जरा जास्त टाकला तर लवकर सुकेल" हा समज सोडून द्या. जास्त हार्डनरनं कोट ठिसूळ होतो आणि बॉनेटवर खडी लागली की तडा जातो.

कागदपत्रं

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. बेळगावची केए 22 असो, चिकोडीची केए 23 असो की शिनोळीच्या पलीकडून आणलेली एमएच 09, पूर्ण रंग बदलायच्या आधी आपल्या आरटीओत विचारून रीतसर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. सीमेवर दोन्हीकडं गाड्या तपासतात, आणि "पांढरी" लिहिलेली गाडी तपकिरी दिसली की अर्धा तास तिथंच जातो. नंबर प्लेट, दिवे, रिफ्लेक्टर यांच्यावर गंजाचा एक शिंतोडाही नको.

आत्ता, भर पावसात फोड आलेत त्यांच्यासाठी

तपासणीपुरते तेवढेच उघडा, बाकीचे फोडू नका. उघड्या केलेल्या जागेवर साधा पारदर्शक टेप लावून ठेवा. वरून क्लिअर मारून घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात म्हणालं तरी. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, आतली वाफ कोंडते आणि फोड वाढतात. शेड नसेल तर हवा खेळती राहील असं कापडी कव्हर चालेल, नाहीतर उघडीच बरी. प्रेशर वॉशर लांबून आणि सरळ धरा, कडांना तिरपी धार देऊ नका. मॅटवर मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावू नका. त्यानं डाग पडतात, आणि दिवाळीनंतर पुन्हा रंग चढवताना तेच सिलिकॉन खड्डे पाडतं.

झड संपली, चार कोरडी उन्हं मिळाली की पॅनल उतरवायला घ्या. कुणाकडं काम देणार असाल तर त्यांना आधी तीन गोष्टी विचारा: गंजाच्या खाली एपॉक्सी देणार का, गंज धरवायला मीठ वापरणार का, आणि क्लिअरच्या आधी टेप लावून दाखवणार का. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर गाडी निर्धास्त सोडा. "ते आमच्यावर सोडा हो" असं म्हणाले तर दुसरी शेड बघा.